तळ आहे, पण ठोकता येत नाही

तळ पडला म्हणजे माणसे, घोडी आणि सामान काही काळ तरी तेथेच राहणार, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु मुंबईच्या विमानतळावर खासगी जेटला उतरता येते, मालकाला कालिन्याच्या बाजूच्या स्वतंत्र टर्मिनलातून गर्दी न पाहता बाहेर पडता येते आणि तळ मात्र ठोकता येईलच असे नाही. दिल्लीच्या विमानतळाला पाच हजार एकरांहून अधिक जागा आहे, मुंबईच्या विमानतळाचा संसार सुमारे 1850 एकरांत, त्यातही अतिक्रमणे सोसून चालतो, आणि तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकच वापरावी लागते. या दाटीवर उपाय म्हणून केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये खासगी विमानांवरील गर्दीच्या वेळेचे निर्बंध दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेले.

विमान उभे करण्याच्या आखीव जागेस ‘बे’ म्हणतात. तिचे भाडे सामान्यतः पहिले दोन तास माफ आणि पुढे विमानाच्या वजनावर व तासांवर आकारले जाते. पण ज्याला विमान परवडते त्याची अडचण भाड्याची नसून जागेची असते. म्हणून मालकाला सोडून विमान रिकामेच दुसऱ्या शहरी जाऊन उभे राहते आणि बोलावणे आले की पुन्हा रिकामेच परतते. याला त्या व्यवसायात ‘पोझिशनिंग’ असे भारदस्त नाव असले, तरी पुणे जिल्ह्यातील पाबळचा टेम्पोवाला यालाच रिकामी खेप म्हणेल. पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उतरवल्यावर त्यालाही गाळ्यासमोर रेंगाळू देत नाहीत; फरक इतकाच, की तो डिझेलचा हिशेब मांडून परतीचे भाडे शोधतो आणि खताची पोती मिळाली तरी समाधान मानतो. जेट कंपन्याही आता रिकामी खेप सवलतीत विकतात, पण खताची पोती घेण्याइतकी वेळ त्यांच्यावर अद्याप आलेली नाही.

पुण्याने हा भार उचलावा, तर लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि नागरी विमानांच्या वाट्याला तिच्या कडेचा तुकडा आलेला आहे. पाबळच्या शेजारी, खेड तालुक्यात व्हावयाचा नवा विमानतळ 2016 मध्ये पुरंदरला सरकला, तो अद्याप तेथे उतरलेला नाही. शिवाय खरा प्रवास उतरल्यानंतरच सुरू होतो. रांजणगावचा कारखाना पाहण्यास निघालेला जेटमधील पाहुणा मुंबईहून जितक्या वेळात लोहगावला येतो, तितक्या वेळात नगर रस्त्यावरचे वाघोली पार करीलच असे नाही, आणि तेथे त्याच्या मोटारीच्या पुढे मार्केट यार्डातून परतणारा पाबळचा तोच टेम्पो उभा असण्याचा संभव बराच असतो. वाघोलीत मात्र दोघांनाही हवा तितका वेळ थांबता येते. पहिल्या दोन तासांनंतरही आकार पडत नाही.