श्रावणबाळाची कावड कुणाच्या खांद्यावर?

निराधार वृद्धांना दरमहा पैसे देणाऱ्या योजनेला महाराष्ट्र शासनाने श्रावणबाळाचे नाव दिले आहे. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून वाहणारा मुलगा सरकारी कागदावर अमर झाला. पण पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीवस्तीवर जाऊन पाहा. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची कावड आज कोण वाहते? मुलगा चाकणला नाहीतर हडपसरला कंत्राटी कामावर असतो. कावड असते सुनेच्या खांद्यावर, कुठे माघारी आलेल्या लेकीच्या, तर कुठे सत्तरीला टेकलेल्या बायकोच्या. तिच्यावर कथा नाही, तिच्या नावाने योजना नाही आणि तिच्या मनाचे काय होते हे कुणी विचारीत नाही.

काही दिवसांपूर्वी शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात डोंगरी तालुक्यातल्या एक बाई आमच्याकडे आल्या. सासऱ्यांना पक्षाघात होऊन सहा वर्षे झालेली. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जीप भाड्याने करून त्यांना दोनदा रुग्णालयात न्यावे लागले, दोन्ही वेळा हात हलवत परत यावे लागले. आम्ही कागद पाहिले, अर्ज कसा करायचा ते सांगितले. उठता उठता त्या खाली पाहत म्हणाल्या, "वकीलसाहेब, रात्री त्यांची हाक आली की मी झोपेचं सोंग घेते. दुसऱ्या हाकेला उठते. पण त्या दोन हाकांच्या मधी माझ्या मनात काय येतं, ते कुणाला सांगता येत नाही."

त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. ज्याने घरात परावलंबी माणूस सांभाळला आहे त्याला ते ठाऊक असते. 'एकदाचे सुटले तर बरे' हा विचार येतो आणि त्याच्या पाठोपाठ आपण माणूस आहोत की राक्षस, हा प्रश्न येतो. आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की हा दुष्टपणा नव्हे. वर्षानुवर्षे सलग झोप न मिळालेल्या, एका दिवसाचीही रजा नसलेल्या माणसाचा हा थकवा आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हगणेमुतणे काढायचे, आणि सकाळी पुन्हा खुरपणीला जायचे. नाही गेले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. स्मृतिभ्रंश झालेली सासू जेवून उठते आणि "सून उपाशी मारते" म्हणून गल्लीभर सांगत सुटते. मुंबईचे पाहुणे अर्धा तास येतात, चहा पितात आणि "पाठीला जखम कशी झाली?" म्हणून जाब विचारतात. भीमजयंतीच्या मिरवणुकीत ती नसते. एक जानेवारीला पेरणे फाट्यावर ती नसते. माहेरी आई वारली तरी दुसऱ्या दिवशी तिला परतावे लागते. म्हाताऱ्याचा रक्तदाब तपासायला कुणीतरी येते, तिचा कोण तपासतो?

हे दुःख सर्व जातींच्या घरात आहे, पण त्याचा भार सर्वांवर सारखा नाही. शहरातले सुखवस्तू घर पैसे मोजून दिवसपाळीची, रात्रपाळीची मावशी ठेवते. पुण्यात ही मावशी पुष्कळदा आपल्याच वस्तीतून जाते. तिथे बारा तास पगारी शुश्रूषा करून घरी आली की तेच काम बिनपगारी सुरू होते. भूमिहीन घराला तर तेवढाही पर्याय नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातील मुले, वृद्ध, आजारी अशा माणसांची देखभाल करतात. पुरुषांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के आहे. हे काम करणारी स्त्री दिवसाला सुमारे १४० मिनिटे देते, पुरुष ७४. झोपेचे सोंग घेण्याची मिनिटे कुठल्या रकान्यात लिहायची?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा २००७ चा. त्यात म्हाताऱ्याला न्यायाधिकरणापुढे मुलाकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो, आणि त्याला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास आहे. कायदा चांगला आहे, आम्ही त्याखाली अर्ज चालवतो. पण 'अपत्य' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. म्हणजे जिच्यावर कायद्याने जबाबदारी नाही तीच सगळी जबाबदारी उचलते. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सुनेला आणि जावयाला धरायचे ठरले होते, ते विधेयक संमत झाले नाही. पण पाहा, सुनेची आठवण झाली तीही जबाबदार धरण्यासाठी!

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात मात्र काळजीवाहकाची व्याख्या आहे आणि त्यात पगार न घेणारे कुटुंबीयही येतात. कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. पण 'शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी मेख मारलेली आहे. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून दरमहा १५०० रुपये झाले. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. हे पैसे लाभार्थ्याच्या नावे असतात आणि औषधात, जीपभाड्यात संपतात. जी बुडालेल्या मजुरीवर घर चालवते, तिच्या हाती त्यातले काय उरते?

शासनाला जाब विचारताना आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. १९४८ ते १९५६ या काळात मधुमेहाने आणि इतर व्याधींनी जर्जर झालेल्या बाबासाहेबांची शुश्रूषा माईसाहेबांनी केली. महापरिनिर्वाणानंतर आपल्यातल्याच अनेकांनी त्यांना संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचे निष्पन्न झाले, तरी लोकांची बोटे खाली आली नाहीत. त्यांना कित्येक वर्षे एकाकी काढावी लागली. पुण्यात सेनापती बापट मार्गावरील संग्रहालयात बाबासाहेबांच्या ज्या वस्तू आपण डोळे भरून पाहतो, त्या माईंनीच जपून सोपवलेल्या आहेत. सेवा करणारीवरच संशय घेण्याची खोड आपल्यालाही आहे. वाडीवरच्या सुनेला जाब विचारणारे पाहुणे आपणच आहोत.

आणि हे तथागतांच्या शिकवणुकीशी कुठे जुळते? अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, ही घटना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी आवर्जून घेतली आहे. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, कारण तो कुणाच्या उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी नियम घालून दिला तो असा की आजाऱ्याची सेवा हे उपाध्यायाचे, शिष्याचे, सोबत्याचे काम आहे आणि कुणीच नसेल तर साऱ्या संघाचे. विनयात शुश्रूषेला अवघड असणाऱ्या रुग्णाची लक्षणेही सांगितली आहेत. आजारी माणूस सांभाळायला कठीण असू शकतो, हे तिथे मोकळेपणाने मान्य केले आहे. आपण मात्र ते बोलणाऱ्या सुनेला कृतघ्न ठरवतो.

म्हणून सेवा हा एका बाईच्या नशिबाचा भाग आहे, असे मानणे आम्हाला मान्य नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, हा भार समाजाच्या हिताचा असल्याने सरकारनेही उचलला पाहिजे, अशी भूमिका बाबासाहेबांनी मांडली होती. बाळंतपणाला जो न्याय, तोच म्हातारपणाच्या शुश्रूषेला का नको?

केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह सेवेचे धोरण आखले आणि ग्रामपंचायतींमार्फत परिचारिका घरोघर पाठवल्या. तिथल्या आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना महिना ६०० रुपये ठरवले गेले. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाने आहे. पुणे शहरात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखी मंडळे आहेत, तिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी मन मोकळे करतात. डोंगरातल्या वाडीवरची बाई त्या बैठकीला कशी येणार?

आमची मागणी अशी. कलम २४ मधला काळजीवाहक भत्ता शासनाने सांभाळणाऱ्याच्या खात्यावर सुरू करावा. ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी शिलाई यंत्रांपुरता न ठेवता त्यातून पाण्याच्या गाद्या, शौचाच्या खुर्च्या आणि महिन्यातून काही दिवस मदतनीस द्यावा. ग्रामसभेत हा विषय आपल्या कार्यकर्त्यांनी मांडावा.

आणि शासन जागे होईपर्यंत थांबायचे कारण नाही. प्रत्येक गावात विहार आहे, मंडळ आहे, तरुणांची फळी आहे. या वर्षावासात ग्रंथवाचनाबरोबर गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करा, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचीही. आठवड्यातून एक रात्र पाळीने दुसरे कुणी त्या अंथरुणाशेजारी बसेल असे ठरवा. त्यात पोरांनाही घ्या, केवळ पोरींना नको. जिला झोपेचे सोंग घ्यावे लागते, तिला आठवड्यातून एक रात्र तरी खरी झोप मिळू द्या. पहिल्याच हाकेला दुसरे कुणीतरी उठले पाहिजे.