आधी फी भरा, मग मदत मागा

फी भरायची मुदत संपल्यावर कित्येक महिन्यांनी येणाऱ्या शिष्यवृत्तीच्या पैशाला मी मदत म्हणत नाही. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत, त्यालाच ते परत मिळणार असतील तर ही योजना गरिबाच्या नावाने चालते, गरिबासाठी नाही.

मी म्हैसूरच्या गोकुलममध्ये राहतो. योग शिकायला जगभरातून माणसं इथे येऊन महिनोन्‌महिने राहतात आणि घरभाडी त्यांच्या खिशाकडे बघून ठरतात. इथेच शिवणकामावर घर चालवणारं एक मराठी कुटुंब आहे. त्यांच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी बसलो. कर्नाटकात हे काम एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर चालतं. जात-उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर टाकला, तो बरोबर निघाला. अडलं नावावर. दहावीच्या मार्क्स कार्डावर इथल्या रिवाजाप्रमाणे मुलीचं नाव आणि वडिलांचं आद्याक्षर. आधारवर आपल्या पद्धतीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मुलगी तीच, जन्मतारीख तीच, तरी पोर्टलच्या लेखी माणसं दोन. आई मशीन बंद ठेवून आधार केंद्राच्या रांगेत उभी राहिली. तिची बुडालेली मजुरी कोणत्या योजनेत बसते?

नाव जुळलं की बँक. नुसतं खातं असून भागत नाही, ते आधारशी जोडलेलं लागतं, आणि पैसे जातात शेवटी जोडलेल्या खात्यात. मोबाइलच्या दुकानात अंगठा देताना कधी, कुठलं खातं उघडलं गेलं, हे घरात कुणालाच आठवत नाही.

हे सगळं म्हणे बोगस लाभार्थी रोखायला. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती घोटाळ्याच्या चौकशीला 2016 साली विशेष पथक नेमावं लागलं, ते शिक्षणसंस्थांवरच्या आरोपांमुळे. संशय संस्थांवर आणि झडती शिंप्याच्या पोरीची! हा न्याय कुठला?

उत्पन्नाची अटही तशीच निर्दय. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा 2013 पासून अडीच लाखांवर खिळली आहे. ओबीसींसाठीच्या केंद्राच्या योजनेतही आकडा तोच. म्हणजे अख्ख्या घराला महिन्याला एकवीस हजारांहूनही कमी. तेवढ्यात भाडं, किराणा, औषधपाणी भागवायचं आणि वर कॉलेजची फी आगाऊ भरायची. आईने चार घरची धुणीभांडी जास्त धरली की मुलगी अपात्र. कष्टाला असा दंड लावणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या या योजनेला पाच वर्षांसाठी 59,048 कोटींची मंजुरी दिली. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातील, असं ठरलं. हेतू चांगला होता, पण पैसे जमा होईपर्यंत कॉलेजने थांबायचं की नाही, हा खरा प्रश्न कॉलेजच्या फीच्या खिडकीपाशी तसाच राहिला. तिथला कारकून म्हणतो, ‘सरकारचं तुमचं तुम्ही बघा, फी आधी भरा.’ फी बाकी असली की हॉल तिकीट अडवतात. अडवणूक करणारा निर्धास्त आणि मुलगी रडवेली.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1913 साली आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं, ते दरमहा साडेअकरा पौंड देऊन. ‘आधी पदरचे भरा, पावत्या आणा, मग बघू,’ असं बडोद्याने म्हटलं असतं तर कोलंबिया विद्यापीठ त्यांना दिसलं असतं का? एका संस्थानाला जे उमगलं, ते डेटा सेंटरं उभारणाऱ्या सरकारांना उमगत नाही, यावर माझा विश्वास नाही. त्यांना ते करायचं नाही.

माझी मागणी सरळ आहे. अर्ज पोर्टलवर दाखल झाला की शिष्यवृत्तीची रक्कम येईपर्यंत त्या विद्यार्थ्याकडून फी मागायला कॉलेजांना कायद्याने बंदी करा. मागितली तर कॉलेजला दंड करा. उत्पन्नमर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा. आणि शिष्यवृत्तीला उशीर झाला तर सरकारने व्याज द्यावं, कारण या मुलीच्या आईने फीसाठी बांगड्या गहाण टाकल्या आहेत आणि सावकाराचं व्याज पोर्टल बंद असतानाही चढतं.