फरशी चकाचक, कुत्रा साखळीला

रील साधारण अशी असते. पांढरीशुभ्र फरशी, करड्या रंगाचा सोफा, कोपऱ्यात मनी प्लांट आणि मधोमध पुतळ्यासारखा बसलेला गोल्डन रिट्रीव्हर. खाली ओळ : 'कुत्रा असूनही घर असं ठेवा, फक्त पाच टिप्स!' टिप्स कसल्या, तर पाच वस्तूंच्या लिंक. केस ओढणारा व्हॅक्यूम, वास घालवणारा स्प्रे, चावायचं रबरी हाड वगैरे. खाली हजारभर बदाम. त्या रीलमधला कुत्रा काय करतोय, हे कुणीच विचारत नाही. तो काहीच करत नाहीये. माझं भांडण नेमकं तिथे आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. घराची वाट कुत्रा लावत नाही, रिकामा बसवलेला कुत्रा लावतो. त्यामुळे 'कुत्रा रमवायचा की घर आवरायचं' हा प्रश्नच खोटा आहे. कुत्र्याचा दिवस भरलात, तर घर बऱ्यापैकी आपोआप आवरलेलं राहतं. आणि त्याचा दिवस भरायला ज्याच्याकडे वेळ नाही, त्याने कुत्रा आणू नये. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. मी स्वतः माती खाल्ली, तेव्हा कळलं.

मी पुण्यात नोकरी करतो. गाव ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. 2020 मध्ये घरून काम सुरू झालं, फ्लॅटच्या भिंती अंगावर यायला लागल्या आणि मी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. ब्रुनो. दीड वर्ष मजेत गेलं. मग ऑफिस सुरू झालं आणि ब्रुनो रोज दहा तास एकटा राहायला लागला. त्याने दोन चार्जर, चपलेचे तीन जोड आणि अर्धी गादी फाडली. मग मी तेच केलं, जे माझ्यासारखे पुष्कळ जण करतात. त्याला गाडीत घातलं आणि ईटला आईकडे सोडून आलो. 'गावाकडे मोकळा राहील' असं म्हणालो. हे वाक्य आपल्या पिढीने पेटंट घ्यावं इतकं सोयीचं आहे.

आईने त्याच वर्षी ओसरीला टाईल्स बसवल्या होत्या. आयुष्यभर शेणाने सारवल्यावर मिळालेली फरशी. ती दिवसातून दोनदा पुसायची आणि पुसून झाल्यावर जरा वेळ नुसती बघत बसायची. ब्रुनोने पहिल्या दिवशी तिच्यावर काळ्या मातीचे पंजे उमटवले. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या कुरडया संपवल्या आणि तुळशीची माती उकरली. आईचा फोन आला. मी पुण्यातून, एसीत बसून, सल्ला दिला, "बांधून ठेव त्याला."

अंगणातल्या लिंबाला साखळी लागली. पाचेक फुटांची. ओसरी परत चकाचक झाली. व्हिडिओ कॉलवर मला ब्रुनो शांत पडलेला दिसला आणि मी खूश होऊन म्हणालो, "बघ, शहाणा झाला की!"

दिवाळीला गेलो तेव्हा लिंबाभोवती एक गोल रिंगण दिसलं. त्याने फिरून फिरून पाडलेलं. तिथे गवताची काडी उरली नव्हती. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "आरं, म्हशीला तरी पाण्यावर सोडतो आपण. ह्यानं काय पाप केलंय रं? तू म्हन्लास म्हनून बांधलं. पर रातभर रडतंय ते."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता जरा कुत्र्याच्या बाजूने बघू. लॅब्रॅडॉरचे पूर्वज आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर राबायचे. थंडगार पाण्यात उडी मारायची, सुटलेला मासा किंवा दोरी तोंडात धरून आणायची, हे त्यांचं काम. पुढे इंग्लंडात शिकाऱ्यांनी याच कामासाठी ही जात जोपासली. म्हणजे दिसेल ती वस्तू तोंडात धरून आणणं ही ब्रुनोची खोड नाही, त्याचा खानदानी धंदा आहे. बीगल सशाच्या वासामागे धावायला तयार झाला, हस्की बर्फात गाडी ओढायला. आपण त्यांना टू बीएचकेत आणतो, हातातलं काम काढून घेतो आणि मग 'फार मस्ती करतो हो' अशी तक्रार करतो.

याउलट आमच्या बालाघाटाच्या माळावर मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांची कुत्री बघा. त्यांच्यासाठी कुणी रबरी हाड विकत घेतलेलं नसतं. दिवसभर कळपाबरोबर चालायचं, रात्री मेंढरांभोवती जागायचं. मिळेल ती भाकरी खायची. त्या जगण्यात हाल आहेत, ते मला गोड करून सांगायचं नाही. पण आज काय करू, असा प्रश्न त्या कुत्र्याला पडत नाही.

'काम' म्हणजे नुसतं पळवणं नव्हे. कुत्र्याचं जग नाकातून चालतं. 2019 मध्ये शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी पाळीव कुत्र्यांच्या दोन गटांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने दोन आठवडे वासावरून खाऊ शोधायचा सराव केला, दुसऱ्याने मालकाच्या पायाला पाय लावून शिस्तीत चालण्याचा. नंतर दोन्ही गटांसमोर एक वाडगा अशा जागी ठेवला, की त्यात खाऊ असेल की नसेल, हे कळू नये. वास घेणारी कुत्री त्या वाडग्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. शिस्तीत चालणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. म्हणजे नाक वापरू दिलं, की कुत्रा जास्त आशेने जगतो. आपण मात्र फिरायला नेल्यावर प्रत्येक खांबापाशी त्याचा पट्टा ओढतो, कारण आपल्याला पावलं मोजायची असतात.

आणि साखळीबद्दल कायदाही बोलतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं ही क्रूरता आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणं हीसुद्धा. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय दहा ते पन्नास रुपये. फरशी पुसायच्या बाटलीला याहून जास्त पैसे पडतात.

पण यात सगळ्यात कमी बोललं जातं ते झाडूबद्दल. कुत्रा आणतो कोण? बहुतेक वेळा माझ्यासारखा हौशी पोरगा. फोटो कुणाचे? त्याचे. केस कोण झाडतं? आई, वहिनी, बायको, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशी. कंटाळलेल्या कुत्र्याने केलेला पसारा कुणा एका बाईच्या कमरेवर पडतो. मग ती वैतागली, की 'आईला कुत्रा आवडत नाही' असं आपण म्हणून मोकळे. तिला कुत्रा नाही, फुकटची मजुरी आवडत नाही. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. त्यांनी तूप दुसऱ्या कुणाला घेऊन धावायला सांगितलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग त्या दिवाळीत आम्ही काय केलं? फार काही नाही. अण्णा रोज पहाटे शेतात जातात, ब्रुनो त्यांच्याबरोबर जायला लागला. जाताना तोंडात रिकामी पिशवी धरून नेतो. खानदानी धंदा! वाटेत हवं तेवढं हुंगतो. ऊन चढायच्या आत परत, कारण त्याचं दाट केसाळ कातडं आमच्या उन्हाळ्यासाठी नाही. भाकरी ताटलीत न देता तुकडे करून जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवायची, कधी अंगणभर टाकायची. ती शोधण्यात त्याचा अर्धा तास जातो आणि नंतर तो घोरतो. कांदा, द्राक्षं, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं मात्र बंद. केस अंगणातच विंचरायचे. दाराशी ओलं पोतं, पंजे पुसूनच ओसरीवर. एक कोपरा त्याचा, तिथे त्याने काय वाट्टेल ते उकरावं. खर्च शून्य, लिंक नाही.

ओसरी आता रीलसारखी दिसत नाही. दोन-चार केस असतातच. पण तुळस शाबूत आहे आणि आई एकदाच पुसते.

'आम्हाला वेळ नाही' असं कुणी म्हणेल. रोज तासभर रील बघणाऱ्यांनी हे म्हणू नये. आणि खरोखरच बारा तासांची ड्युटी असेल, तर प्रामाणिक उत्तर एकच आहे : आणू नका. मित्राच्या कुत्र्याला रविवारी फिरवून आणा, दोघांवर उपकार होतील. मला हे कळेपर्यंत ब्रुनोने कित्येक महिने लिंबाभोवती काढले होते. अण्णांमुळे तो सुटला, माझ्यामुळे नाही. मी आता महिन्यातून दोनदा जातो आणि गेल्यावर झाडू मीच मारतो. त्याने फिटत नाही, हे मला माहीत आहे.

तुम्हीही एखादा कुत्रा गावाकडे सोडला असेल, तर आज घरी फोन करून 'कसा आहे' असं विचारू नका. 'दिवसभर काय करतो' असं विचारा. 'काय करंल, बसतंय बिचारं' असं उत्तर आलं, तर पुढची एसटी पकडा.