‘ळ’ चुकतो, तेव्हा दोष कोणाचा?

नावे आणि पत्ते रोमन लिपीतच साठवावेत, देवनागरी संगणकाला नीट पेलत नाही, असे मानणारे प्रोग्रामर आजही बरेच आहेत. त्यांचे दाखले खरे आहेत. पायथनमध्ये ‘जळगाव’ची लांबी विचारली तर ५ येते, वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात चार. ‘धुळे’ उलटे केले तर एकाराची मात्रा निराधार पुढे येते आणि उकार ‘ळ’ला चिकटतो. रेगेक्समध्ये शब्द शोधणारी बॅकस्लॅश डब्ल्यू ही खूण लावली की ‘जळगाव’चे ‘जळग’ आणि ‘व’ असे दोन तुकडे पडतात.

दाखले खरे असले तरी त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. युनिकोडमध्ये व्यंजन आणि मात्रा यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. पायथन मोजतो ते क्रमांक. अक्षरे मोजायला त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पायथनचे अंगभूत रेगेक्स तर मात्रेला शब्दाचा भागच धरत नाही. ही त्या साधनाची उणीव आहे, मराठीची नव्हे. त्वचेचा रंग बदललेल्या अंगठ्याच्या इमोजीतही दोन क्रमांक असतात, पण म्हणून कोणी इमोजी सोडून देत नाही. साधनासाधनांत फरक किती, हे अंकांवरून कळते: जळगावचा पिनकोड ‘४२५००१’ असा देवनागरीत दिला तर पायथन त्याची बिनतक्रार संख्या करतो, जावास्क्रिप्ट मात्र ‘संख्या नाही’ असे उत्तर देते.

रोमनचा आसरा सुरक्षित आहे, हा समज अधिक घातक. भुसावळ आणि यावल हे एकाच जिल्ह्यातले तालुके. नेहमीच्या रोमन लेखनात दोन्ही नावांचा शेवट सारखाच होतो. ‘ळ’ कुठे आणि ‘ल’ कुठे हे त्यावरून कोणताही प्रोग्राम ठरवू शकत नाही. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळे, जळगाव: ज्या मुलखाची नावेच ‘ळ’वर उभी आहेत, तिथे ही माहिती साठवतानाच पुसली जाते आणि पुढे कोणत्याही हुशारीने परत मिळत नाही. मात्रेची चूक दुरुस्त करता येते, गमावलेला ‘ळ’ नाही.

दुरुस्तीची साधने हाताशी आहेत. पायथनसाठी वेगळे मिळणारे रेगेक्स मॉड्यूल बॅकस्लॅश मोठा एक्स या खुणेने मात्रेसकट अक्षर उचलते. जावास्क्रिप्टमध्ये तेच काम इंटल सेगमेंटर करतो. साठवणीचा हिशेब मात्र बाइटमध्येच करावा. ‘चाळीसगाव’ म्हणजे ५ अक्षरे, ८ क्रमांक आणि यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट. ओरॅकलमध्ये स्तंभाची रुंदी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे तिथे २० रुंदीच्या स्तंभात हे पाच अक्षरी नाव मावत नाही. चाचणीसाठी इंग्रजी नमुना शब्दांऐवजी हेच नाव घेतले तर ही चूक पहिल्याच दिवशी सापडते.

चलांची नावेही मराठीत असावीत, असा आग्रह यात नाही. पायथन ३ मध्ये ती चालतात, पण कोड अनेक प्रांतांतले लोक वाचतात. माणसाचे आणि गावाचे नाव मात्र त्याच्या स्वतःच्या अक्षरांत राहिले पाहिजे.

उरतो अनुक्रम. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या क्रमांकांवर यादी लावली की जळगाव जव्हारच्या आधी येते. जावास्क्रिप्टमधल्या इंटल कोलेटरला मराठीचा संकेत ‘एमआर’ दिला की जव्हार आधी आणि जळगाव नंतर, असा शाळेत शिकवलेला क्रम लागतो.