केळीचे कुळ आणि आपले कर्तव्य

पूजा असो की मंगलकार्य, व्रत असो की सणाचे जेवण, केळीवाचून आपले पान हलत नाही. सत्यनारायणाच्या चौरंगाला तिचे खांब, पंगतीला तिचे पान, नैवेद्याला तिचे फळ आणि आमच्या गोमंतकात चतुर्थीच्या माटोळीला तिचा घड लागतो. इतक्या निकटच्या वनस्पतीविषयी आपले ज्ञान मात्र बहुधा नावापुरतेच असते. मिंडोळी, सालदाटी, रसबाळी, वेलची ही नावे आपणांस पाठ असतात; परंतु त्या एकमेकींच्या कोण लागतात, त्यांपैकी कोणती कोणत्या रोगास बळी पडते आणि का, असे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होतो. गेल्या काही दशकांत आनुवंशशास्त्राने या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची साधने मनुष्याच्या हाती दिली आहेत. ती साधने काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, याचा विचार आमच्या वाचकांनी करावा, अशी आमची इच्छा आहे. कारण त्या विचाराच्या शेवटी एक कर्तव्य थेट आपल्या परसापर्यंत येऊन पोहोचते.

ज्यास आपण केळीचे झाड म्हणतो, ते शास्त्रदृष्ट्या वृक्ष नव्हेच. पानांचे तळ एकमेकांभोवती गुंडाळले जाऊन तो खांब तयार होतो. खरे खोड जमिनीत कंदरूपाने असते. त्या कंदास फुटलेला मुनवा काढून लावला की नवी केळ उभी राहते. रानटी केळीच्या पेशीत अकरा गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. आपल्या लागवडीतील बहुतेक केळींत असे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे आहेत. तिनांची जोडी जुळणार कशी? म्हणून त्यांत बी धरत नाही. फळ मात्र बीजावाचून पोसते. खाणाऱ्यास हे वरदानच होय. तथापि त्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. बीजापासून होणाऱ्या संततीत आईबापांच्या गुणांची दर पिढीस नवी सरमिसळ होते. मुनव्यापासून वाढणाऱ्या केळीत ती होत नाही. एका जातीची लक्षावधी झाडे म्हणजे वस्तुतः एकाच झाडाचे तुकडे असतात. एकास जो रोग मारतो, तो सर्वांस मारू शकतो.

याचा कटू अनुभव जगाने एकदा घेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मध्य अमेरिकेत परदेशी पाठविण्यासाठी जी केळी पिकविली जात, ती जवळजवळ सर्व ‘ग्रो मिशेल’ या एकाच जातीची होती. फ्युझेरियम नावाच्या बुरशीने तिला गाठले. ही बुरशी मुळांतून शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. पाने पिवळी पडून खांबाभोवती लोंबू लागतात आणि झाड उभ्याउभ्या मरते. म्हणूनच आपले शेतकरी त्यास ‘मर’ म्हणतात. जगात तो ‘पनामा रोग’ या नावाने ओळखला जातो. बुरशीचे बीजाणू मातीत अनेक दशके जिवंत राहतात व त्यांवर खात्रीचे औषध नाही. मळेवाल्यांनी जुन्या जमिनी टाकल्या, नवी अरण्ये तोडली, तेथेही रोग मागोमाग आला. १९६० च्या सुमारास ग्रो मिशेलचा जागतिक व्यापार संपुष्टात आला आणि तिच्या जागी या रोगास दाद न देणारी ‘कॅव्हेंडिश’ गटाची केळी आली.

यातून जो धडा घ्यावयास हवा होता, तो मात्र घेतला गेला नाही. एका जातीच्या जागी दुसरी एकच जात आली, इतकेच. आज परदेशी जाणारी जवळजवळ सारी केळी कॅव्हेंडिश गटाची आहेत. आपल्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैन ही नावे कानांस निरनिराळी वाटली, तरी त्या दोघीही याच गटातल्या बहिणी होत. आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तैवानमध्ये त्याच बुरशीचा असा एक प्रकार आढळला की, जो कॅव्हेंडिशलाही मारतो. तोच पुढे मलेशिया व इंडोनेशियातून पसरत गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो कोलंबियात सापडला, तेव्हा त्या देशाने राष्ट्रीय आणीबाणी पुकारली. भारतातही बिहारच्या कटिहार व पूर्णिया भागांत आणि पुढे उत्तर प्रदेशात त्याने शिरकाव केला आहे. ज्या जळगावात हजारो कुटुंबांचा चरितार्थ केळीवर चालतो, त्यांस ही वार्ता दूरची कशी वाटावी?

अशा प्रसंगी आनुवंशशास्त्राचा पहिला उपयोग शत्रू ओळखण्यासाठी होतो. बुरशीचा जुना प्रकार आणि नवा प्रकार डोळ्यांनी पाहून वेगळे सांगता येत नाहीत. पूर्वी त्यासाठी प्रयोगशाळेत बुरशी वाढवून आठवडेच्या आठवडे परीक्षा करावी लागे. कॅरी मलिस यांनी १९८३ साली शोधलेल्या पीसीआर पद्धतीने हे काम सोपे केले. करोनाच्या साथीत ज्या चाचणीचे नाव घरोघरी झाले, तिच्या मुळाशी हीच पद्धत आहे. डीएनएचा ठरावीक तुकडा तापवून व थंड करून दर फेरीस दुप्पट केला जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे तीस फेऱ्यांत त्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. आमच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. नेमक्या या नव्या बुरशीचाच तुकडा वाढविणारी चाचणी संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केली. आठवड्यांचे काम तासांवर आले. ज्या रोगावर औषध नाही, त्यास वेळीच कुंपण घालणे हाच उपाय उरतो आणि कुंपणासाठी वेळेचेच मोल सर्वाधिक.

दुसरा उपयोग कुळ ओळखण्याचा. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या दोन शास्त्रज्ञांनी केळीची पंधरा बाह्य लक्षणे निवडून त्यांना गुण देण्याची रीत बसविली आणि दाखवून दिले की, आपल्या बहुतेक केळी दोन रानटी पूर्वजांपासून निघाल्या आहेत. एकास ‘अ’ आणि दुसऱ्यास ‘ब’ म्हटले, तर कॅव्हेंडिश ही ‘अ-अ-अ’ आणि वेलची ही ‘अ-ब’ ठरते. त्या दोघांनी नजरेने जे ओळखले, ते पुढे डीएनएच्या परीक्षेने बहुतांशी खरे ठरले व काही ठिकाणी दुरुस्तही झाले. या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नावांच्या घोटाळ्यात आहे. तामिळनाडूची रस्थाळी, बंगालची मर्तमान, आंध्रची अमृतपाणी, कर्नाटकातील नंजनगूडची रसबाळे आणि महाराष्ट्रातील मुठेळी ही पाच प्रांतांची पाच नावे. पण गट एकच आणि त्या गटाचा मर रोगाशी असलेला संबंधही एकच. नंजनगूडची प्रसिद्ध रसबाळे या रोगाने जवळजवळ नामशेष होत आली. एका नावाची केळ मेली म्हणून त्याच गटातील दुसऱ्या नावाची केळ त्याच मातीत लावणारा शेतकरी कष्ट करतो, पैसा घालतो आणि पुन्हा फसतो. नावाने जे झाकले, ते कुळाच्या ज्ञानाने उघड होते.

तिसरा उपयोग सर्वांत दूरगामी आहे. २०१२ साली फ्रेंच संशोधकांच्या पुढाकाराने केळीचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध करण्यात आला. त्यात सुमारे ३६,००० जनुके आढळली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रविद्या विद्यापीठात जेम्स डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्नेय आशियातील एका रानटी केळीतून रोगप्रतिकाराचे एक जनुक घेऊन ते कॅव्हेंडिशमध्ये घातले. रोगट मातीत ती झाडे तग धरून राहिली आणि २०२४ साली त्या देशाने संकटकाळची तरतूद म्हणून तिला मान्यता दिली. आश्चर्याची गोष्ट अशी की, तेच जनुक कॅव्हेंडिशमध्ये मुळातच आहे. पण ते तेथे जवळजवळ निद्रिस्त असते. अशा केळीची लागवड करावी की नाही, याविषयी मतभेद आहेत आणि ते विचारपूर्वक मांडले जात असतील, तर आम्हांस त्यांत वावगे काही दिसत नाही. पण आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या रानटी केळीने हे जनुक दिले, तिचे फळ बियांनी भरलेले असते. बाजारात तिला कोणी कवडीही देणार नाही. ती निरुपयोगी म्हणून कोणी समूळ उपटून टाकली असती, तर प्रयोगशाळेने ते जनुक आणले असते कोठून?

येथेच आमच्या म्हणण्याचे सार आहे. विज्ञान ग्रंथ वाचू शकते, एका ग्रंथातील ओळ दुसऱ्यात उतरवू शकते. परंतु जळून गेलेला ग्रंथ त्यास परत लिहिता येत नाही. ‘प्रयोगशाळा आहेत, त्या पाहून घेतील’ असे म्हणून स्वस्थ बसणारे जसे चुकतात, तसेच ‘आमची गावठी केळ जुनी आहे, तिला काही होणार नाही’ असे अभिमानाने म्हणणारेही चुकतात. नंजनगूडची केळ जुनीच होती. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे दीड हजारांहून अधिक प्रकारच्या केळी काचनळ्यांत जतन केल्या आहेत. आपल्या देशातही तिरुचिरापल्लीस १९९३ पासून केळीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्यांचे कार्य थोर आहे. पण जी जात आपल्या परसातून कोणाच्या नजरेस न पडताच नाहीशी झाली, ती तेथे कशी पोहोचणार? मयड्याच्या मिंडोळीस भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणांस आनंद आहे. तथापि मानांकन हे नावाचे रक्षण करते, झाडाचे रक्षण झाड लावणाऱ्यानेच करावयाचे असते.

मग आपण काय करावे? एक गोष्ट सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो, कारण ती आपल्या एका प्रेमळ रिवाजाच्या आड येते. मामाच्या घरचा, आत्याच्या घरचा मुनवा आणून परसात लावणे ही आपली जुनी रीत. याच रीतीने आजवर जाती टिकल्या. आणि आज याच रीतीने रोगही पसरतो. दिसण्यात निरोगी असलेल्या मुनव्यात आणि त्यास चिकटलेल्या मातीत बुरशी असू शकते. जळगावकडे ज्यास ‘हरण्या’ म्हणतात, त्या रोगाचा विषाणूही असाच लागवडीबरोबर प्रवास करतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, घरच्या जातीचे बेट घरच्याच मुनव्यांवर वाढवावे; परगावचा, विशेषतः रोगाची वार्ता असलेल्या भागातला मुनवा आणण्याचा मोह टाळावा; नवी लागवड करावयाची असल्यास चाचणी होऊन प्रमाणित झालेली ऊतिसंवर्धित रोपे घ्यावीत. आपल्या देशात २००६ पासून अशा प्रमाणनाची व्यवस्था आहे. कडेची पाने पिवळी पडून लोंबू लागली आणि खांब उभा चिरल्यावर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसल्या, तर ते झाड उपटून शेजारी फेकू नये. कृषिखात्याच्या जवळच्या कार्यालयास तत्काळ कळवावे आणि वापरलेली कोयती व पायांची माती धुऊनच दुसऱ्या केळीपाशी जावे.

विद्यार्थिमित्रहो, यांतील एक काम आम्ही खास तुमच्यावर सोपवितो. येत्या सुटीत आपल्या वाड्यावरील प्रत्येक घरी कोणती केळ आहे, तिचे नाव काय, ती किती वर्षांपासून आहे, तिच्या खांबाचा रंग, घडाचा आकार, फळाची साल कशी आहे, हे वहीत टिपून काढा. आजी-आजोबांस विचारा, ज्या जाती पूर्वी माटोळीला बांधल्या जात आणि आता दिसत नाहीत, त्यांचीही नावे लिहा. सिमंड्स आणि शेफर्ड यांच्यापाशीही आरंभी नजर आणि वही यांपलीकडे फारसे काही नव्हते. उद्या तुमच्यापैकी कोणी प्रयोगशाळेत बसून केळीचे जनुक वाचील, तेव्हा कोणते झाड कोणाच्या परसात उभे आहे, हे त्यास ठाऊक असले पाहिजे. आणि ते झाड तेथे उभेही असले पाहिजे.