माफी कायद्यात, वसुली कैद्याच्या घरातून!

नांदेड किंवा लातूरच्या कारागृहात जामीन मंजूर झालेला एकही माणूस निव्वळ पैशाअभावी आत राहत असेल, तर त्याला शासनाने ओलीस धरले आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. गुन्हा सिद्ध झालेला नाही, न्यायाधीशाने सुटकेचा हुकूम दिला आहे. तरीही दाराला कुलूप! हे कुलूप गरिबीचे आहे आणि त्याची किल्ली सरकारच्या खिशात आहे.

कायद्यात खोट नाही. १८७० च्या कोर्ट फी कायद्यात परक्या इंग्रज सरकारनेसुद्धा कैद्याच्या अर्जाला फी माफ केली होती. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले, की निकालाची नक्कल कैद्याच्या हाती फुकट आणि वेळेत पडलीच पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, मोफत वकिलाचा हक्क दिला. तुरुंगात असताना भावकीने जमीन लाटली, तर त्या दाव्याची कोर्ट फीदेखील विधी सेवेतून भरता येते. पण हे त्याला सांगतो कोण?

फी माफ आहे, मग म्हातारा बाप सावकाराच्या दारात का उभा राहतो? ऐपतदार जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, तहसीलचा ऐपतीचा दाखला हवा. टायपिंग, नोटरी, किनवट-माहूरहून नांदेडला खेटे, बुडालेली मजुरी! अर्ज फेटाळला गेला, तर पुढे अडीचशे किलोमीटरवरचे संभाजीनगरचे खंडपीठ. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या ऊसतोड मजुराने सातबारा आणावा कुठून? ही वसुली कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून तिचा जाब कोणी देत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी आदेश दिला: जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. काही गंभीर गुन्हे वगळता कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंतची मदत तीत ठरली. हुकूम आहे, तरतूद आहे. यापुढे सबब चालणार नाही.

निजामाच्या तुरुंगात स्वामी रामानंद तीर्थांनी दिवस काढले, तो हा मराठवाडा. दर १७ सप्टेंबरला मुक्तीचा झेंडा फडकवणाऱ्या सरकारला आमचा सवाल आहे: तुमच्या तुरुंगात पैशाअभावी अडकलेल्याची मुक्ती कधी?

दोन्ही जिल्ह्यांच्या प्रधान न्यायाधीशांकडे विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्षपद आहे. जामीन मिळूनही आत असलेल्यांची यादी त्यांनी दर महिन्याला जाहीर करावी. कलम १२ चा मराठी फलक प्रत्येक बराकीत लागावा. भूमिहीनाला जातमुचलक्यावर सोडावे.

आणि वाचकहो, तुमच्या गावचा कोणी आत असेल, तर दलालाच्या हाती पैसा देऊ नका. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तो तुमचा हक्क आहे.