ध्वनीचा शेक

गेल्या पावसाळ्यात जिना उतरताना माझा पाय मुरगळला आणि सुजलेला घोटा घेऊन मी एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा गार जेल चोपडून त्यावरून संथपणे फिरवल्या जाणाऱ्या धातूच्या तबकडीविषयी माझ्या मनात जी श्रद्धा उत्पन्न झाली, ती पुष्कळ वाचनाअंती तितकीच उरलेली नाही, हे नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

यंत्रामागील शास्त्र अस्सल आहे. स्फटिकावर दाब पडला असता वीज उत्पन्न होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले; त्याच्या उलट क्रियेने, विजेच्या प्रेरणेने सेकंदाला १० लक्ष किंवा ३० लक्ष वेळा कंप पावणारा स्फटिक त्या तबकडीमागे असतो. त्यातून उठणाऱ्या ध्वनिलहरींपैकी पहिली लहर काही सेंटिमीटर खोल जाते, दुसरी त्वचेलगतच शोषली जाते. हवेचा पातळ थरही तिला परतवतो, म्हणून जेल. आणि तबकडी एके जागी थांबली तर हाडाच्या आवरणाला चटका बसण्याचे भय, म्हणून ती अखंड फिरती ठेवण्याचा शिरस्ता.

परंतु शास्त्र अस्सल असणे निराळे आणि इलाज गुणकारी असणे निराळे. रॉबर्टसन आणि बेकर या संशोधकांनी २००१ साली या उपचाराच्या ३५ चाचण्यांची रुजवात घातली, तेव्हा कसोटीस अवघ्या १० उतरल्या, आणि त्यांपैकी ८ चाचण्यांत खऱ्या उपचाराचा गुण लटक्या उपचाराहून अधिक आढळला नाही. उरलेल्या दोहोंपैकी एक मनगटात दबलेल्या नसेची, दुसरी खांद्याच्या स्नायुबंधात साचलेल्या चुन्याची. या दुसरीत अनेकांचा चुना खरोखर विरला, तथापि नऊ महिन्यांनी दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणण्यासारखे अंतर राहिले नव्हते.

माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही, वेळेच्या वाटणीविरुद्ध आहे. प्रत्येक बैठकीचा बहुतेक वेळ तबकडीने घेतला, आणि ज्या व्यायामावर दुखावलेल्या सांध्याची सारी भिस्त, तो मला निघता निघता, उंबऱ्यात उभ्याने, एका चिठ्ठीवर लिहून मिळाला. यात आम्हां रुग्णांचाही दोष आहे. यंत्र न लागलेल्या बैठकीचे पैसे देताना आमचाच हात आखडतो, आणि हे जाणूनच पुष्कळ जाणत्या चिकित्सकांना यंत्र लावणे भाग पडते.

एका घोट्यावरून सिद्धांत मांडणे गैर, हे मी जाणतो. पण दहा बैठकांची मुदत संपली तरी माझा हात जिन्याच्या कठड्यावरून सुटत नव्हता. चिठ्ठी शोधून काढली, खिडकीचा गज धरून रोज सकाळी एका पायावर उभा राहू लागलो, आणि सहाव्या आठवड्यात तो सुटला.